वऱ्हाडच्या जमिनीचे दुसरे खाते



जमिनीतून हवेत जाणाऱ्या आणि हवेतून जमिनीत येणाऱ्या कर्बाचा हिशेब, असे आजच्या विषयाचे नाव आहे. ते ऐकून आपणांपैकी अनेकांना हा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला विषय वाटला असेल. मी तो आज इतिहासाचा विषय म्हणून आपणांपुढे मांडणार आहे. या हिशेबाची कागदपत्रे प्रयोगशाळेत कमी आणि आपल्या पटवाऱ्याच्या दप्तरात अधिक आहेत, हे आपणांस पटले तर माझे आजचे काम झाले असे मी समजेन.

जगाची हवा तापते आहे आणि तिला कर्बाम्लवायू, ज्याला आपण आता कार्बन डायऑक्साईड म्हणतो, तो कारण आहे, हे आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. हा वायू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पारसच्या वीजकेंद्राची चिमणी उभी राहते. ते चुकीचे नाही. परंतु १८५० सालापासून माणसाने हवेत सोडलेल्या या वायूपैकी सुमारे तीस टक्के भाग चिमण्यांतून आलेलाच नाही. तो जंगल तोडल्याने, कुरण नांगरल्याने, जमिनीचा उपयोग बदलल्याने आला आहे. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कर्ब असतो. झाड वाढते तेव्हा तो हवेतून येतो आणि झाड जळते वा कुजते तेव्हा हवेत परत जातो. मातीतल्या सेंद्रिय द्रव्याचेही तसेच आहे. शेतकरी दरसाल पऱ्हाटी चुलीत घालतो, त्या धुरातला कर्बाम्लवायू या हिशेबात नावे टाकीत नाहीत, कारण पुढच्या हंगामाची पऱ्हाटी तेवढाच वायू परत घेते. पण शंभर वर्षांचा साग तोडून तेथे कपाशी पेरली, तर सागातला कर्ब कपाशीत परत येत नाही. तेवढी तूट हवेच्या खाती जमा होते आणि पुष्कळ काळ तेथेच राहते.

म्हणून येथे इतिहास येतो. आज हवेत असलेल्या वायूत आपल्या पणजोबांच्या काळी नांगरलेल्या जमिनीचाही अंश आहे. तो मोजायचा तर पणजोबांच्या काळी कोणती जमीन काय होती, हे कोणीतरी लिहून ठेवलेले असले पाहिजे. वऱ्हाडात ते लिहिले गेले. मात्र ते कोणी लिहिले, आणि कशासाठी?

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ पासून येथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमिनीची मोजणी सुरू झाली. तेहतीस फूट लांबीची साखळी आणि त्या साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. हा एकर-गुंठ्याचा हिशेब आजही आपल्या सातबाऱ्याचा पाया आहे. मोजणीमागून प्रतबंदी आली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीप्रमाणे प्रतबंदीचा कारकून शेतात माती उकरून तिची खोली हातांनी मोजी. पावणेदोन हात खोल काळी माती ती उत्तम. मग रंग पाही, चुनखडी किती, वाळू किती, उतार कसा, पाणी साचते काय, हे दोष टिपी आणि जमिनीची किंमत आण्यांत ठरवी. त्यावरून तीस वर्षांचा सारा बांधला जाई.

सज्जनहो, या कामाची थोरवी नाकारता येणार नाही. आपल्या मुलखातल्या प्रत्येक शेताची माती उकरून पाहण्याचा तो उद्योग होता. परंतु हे सर्व टिपणाऱ्या कारकुनाने एक गोष्ट टिपली नाही. त्या मातीत सेंद्रिय द्रव्य किती, हे त्याने लिहिले नाही. त्याचे त्याला कारणही नव्हते. सरकारला सारा हवा होता, आणि साऱ्याला जेवढे लागते तेवढेच वहीत उतरले. वही ठेवणाऱ्याला जे वसूल करायचे असते तेच वहीत दिसते. आजच्या विषयाचे मर्म मला याच एका गोष्टीत दिसते.

मोजणी सुरू झाली त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. पण १८६७ साली भुसावळहून नागपूरपर्यंत आगगाडी पोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या धक्क्याला कायमचा जोडला गेला. अमरावती, अकोला, खामगाव या पेठा त्या कापसावर वाढल्या. या पेठांना लागणारा कापूस कोठून आला? काही तुरीच्या व ज्वारीच्या शेतांतून आला, आणि काही नव्याने नांगरलेल्या पडीतातून, गायरानातून आणि झुडपांच्या रानातून आला. लक्ष्मण सत्या यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांचा संबंध उलगडून दाखविला आहे, आणि २००४ सालच्या दुसऱ्या ग्रंथात गुरांच्या चाऱ्याची वाताहत सांगितली आहे. कुरण गेले म्हणजे चारा गेला, चारा गेला म्हणजे गुरे गेली, गुरे गेली म्हणजे शेणखत गेले आणि शेणखताबरोबर मातीचा कस गेला. शेतकरी याला ‘जमीन उतरली’ म्हणतो. कर्बाच्या खात्यात याच उतरण्याची नोंद टनांत होते.

येथे एक आक्षेप घेता येईल आणि तो योग्य आहे. इंग्रज येण्यापूर्वी वऱ्हाड म्हणजे निबिड अरण्य होते काय? मुळीच नव्हते. अकबराच्या काळच्या ऐन-ए-अकबरीत वऱ्हाडच्या सुभ्याचा महसूल परगण्यांवार नोंदलेला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो वर्षे शेती होती. पुढे १८०३ साली आडगावची लढाई झाली, गाविलगड पडला, त्या युद्धाच्या पाठोपाठ दुष्काळ आला, आणि नंतरच्या अंमलातही पुष्कळ गावे उजाड राहिली. नांगराखालची जमीन पडीत पडली, त्यावर बाभळी माजल्या. १८७० साली आल्फ्रेड लायल याने वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध केले तेव्हा ज्याला तो ओसाड जमीन म्हणतो, तिच्यातला काही भाग कधीकाळी कोणाचे तरी शेत होता. मग कर्बाचे खाते कोणत्या वर्षापासून उघडायचे? १८५० पासून उघडले तर बाभूळबनाची तोड नावे पडते. १७५० पासून उघडले तर तीच जमीन पुन्हा शेत झाली एवढेच दिसते. ज्याला इतिहास ठाऊक नाही त्याने मांडलेला हिशेब बेरजेने बरोबर असूनही अर्थाने चूक ठरू शकतो.

आता जंगलाकडे वळू. झाडे मोजण्याची विद्या आपल्याकडे जुनी नाही. ब्रह्मदेशात पेगूच्या सागवनात १८५६ साली डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने वाटेच्या दोहो बाजूंची झाडे घेराप्रमाणे वर्ग पाडून मोजली आणि त्या नमुन्यावरून साऱ्या वनाचा अंदाज बांधला. १८६४ साली तो हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. सगळे रान न मोजता थोडे नेमके मोजून सगळ्याचा अंदाज करायचा, ही रीत कर्बमापनात आजही चालते. वऱ्हाडात १८८६ च्या वनकायद्याने रानाचे तीन वर्ग झाले: लाकूड-सरपणाचे ‘अ’, गवताच्या रमण्यांचे ‘ब’ आणि गुरचराईचे ‘क’. मेळघाटचे सागवन अर्थातच पहिल्या वर्गात. तेथील कोरकू ‘दह्या’ पद्धतीची फिरती शेती करीत. रानाचा तुकडा तोडून जाळीत, राखेत पेरीत, आणि काही वर्षांनी तो रानाला परत देऊन पुढे जात. वनखात्याच्या वहीत ही नासधूस ठरली. आजच्या कर्बशास्त्राने पाहिले तर निवाडा इतका सोपा नाही. सोडलेला तुकडा पुरेशी वर्षे मोकळा राहिला तर हवेत गेलेला कर्ब झाडोऱ्यात बराचसा परत येतो. ती वर्षे कमी झाली की मात्र तूट पडते. म्हणजे विचारायचा प्रश्न आग लावली काय, एवढाच नाही. रानाला विसावा किती मिळाला, हेही विचारले पाहिजे. त्या काळच्या वहीत विसाव्याचा रकाना नव्हता.

अशा या वह्या शंभर वर्षे पडून होत्या. १९८३ साली अमेरिकेत आर. ए. हाउटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६० ते १९८० या काळात जमिनीतून हवेत गेलेल्या कर्बाचा जागतिक हिशेब प्रसिद्ध केला. त्यांची रीत अगदी किराणा दुकानाच्या रोजकीर्दीसारखी होती, आणि तिचे इंग्रजी नावही ‘बुककीपिंग’ असेच आहे. कोणत्या वर्षी किती रान शेत झाले, त्या रानात दर एकरी कर्ब किती, त्यातला जळून लगेच किती गेला, कुजून हळूहळू किती गेला, नांगरटीमुळे मातीतून किती गेला, असे प्रत्येक वर्षाचे जमा-नावे. पण एवढ्यासाठी आधी कोणत्या वर्षी किती रान शेत झाले हे कळायला हवे. ते काम इतिहासकारांनी केले. जॉन रिचर्ड्स आणि एलिझाबेथ फ्लिंट यांनी दक्षिण व आग्नेय आशियातील तेरा देशांचा १८८० ते १९८० चा जमीन-वापर आणि त्यातला कर्ब यांचे आकडे सिद्ध केले. ते १९९४ साली प्रसिद्ध झाले. रिचर्ड्स हे मोगल काळाचे नावाजलेले अभ्यासक. हिंदुस्थानापुरते त्यांनी आधाराला घेतले ते शेतीचे सरकारी तक्ते, आणि त्या तक्त्यांच्या तळाशी गावोगावच्या पटवाऱ्याची पीकपाहणी होती. साऱ्यासाठी धुऱ्याधुऱ्याने हिंडून लिहिलेल्या ओळी शतकानंतर जगाच्या हवेच्या हिशेबात उतरल्या, आणि हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आले नसेल.

आज हा हिशेब राष्ट्राराष्ट्रांना द्यावा लागतो. १९९२ च्या हवामानविषयक करारात आपण सामील आहोत. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञ-मंडळाने २००६ साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे देशातली सारी जमीन सहा प्रकारांत वाटायची: वन, शेत, गवताळ, पाणथळ, वस्ती आणि इतर. प्रत्येक प्रकारात पाच कोठारे तपासायची: जमिनीवरचा झाडोरा, मुळे, मेलेले लाकूड, पालापाचोळा आणि माती. दोन तारखांची शिल्लक काढायची. शिल्लक वाढली तर जमिनीने कर्ब घेतला, घटली तर सोडला. भारताने डिसेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालाप्रमाणे २०२० साली देशाचे एकूण उत्सर्जन कर्बाम्लवायूच्या मापात सुमारे २९६ कोटी टन होते, आणि जमिनीने व वनांनी मिळून सुमारे ५२ कोटी टन परत घेतले. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात देशाच्या वनांतला कर्ब सुमारे ७२८ कोटी टन सांगितला आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक झाडांत नसून मातीत आहे.

हे आकडे मोठे आहेत. ते आपल्या मुलखात आणून पाहू. उपग्रहाच्या नकाशावर एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर दहा टक्के छाया दिसली की ते वनाच्छादन. मालकी कोणाची आणि झाड कोणते हे तेथे विचारीत नाहीत. त्या व्याख्येत वरुड-मोर्शीकडची संत्र्याची मोठी बागही बसू शकते, आणि तुरळक झाडांचा मेळघाटचा गवताळ माळ बाहेर राहू शकतो. महसुली वहीचा दोष नेमका याच्या उलट. तेथे शब्द पाहतात, झाड पाहत नाहीत. आपल्या शेजारच्या पूर्व विदर्भात ‘झुडपी जंगल’ असा एक शब्द जुन्या दप्तरात होता. ती जमीन वन की पडीत, यावर अनेक वर्षे वाद चालला, आणि शेवटी २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वन समजावी असा निर्णय दिला. कारकुनाच्या दोन शब्दांचे एवढे मोल! आपल्याकडची ‘ई-क्लास’ जमीन आठवा. वहीत ती सरकारी, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने गावाच्या गुरांचे कुरण. ‘पडीत’ म्हणून लिहिलेल्या जमिनीवर उद्या कोणी रोपे लावून कर्ब जमा दाखविला, तर तेथल्या गवताच्या मुळांतला कर्ब आणि चरणाऱ्या शेळ्या कोणत्या रकान्यात जातील?

आता शेतातली काळी माती घ्या. ‘मृदा आरोग्य पत्रिके’वर सेंद्रिय कर्बाचा आकडा टक्क्यांत असतो. तो काढण्याची वॉकले आणि ब्लॅक यांची रीत १९३४ पासून चालत आली आहे. समजा तो अर्धा टक्का आला. एक हेक्टरात वरच्या ३० सेंटिमीटरची माती तीन हजार घनमीटर, घनमीटरला १.३ टन धरले तर ३९०० टन. तिचा अर्धा टक्का म्हणजे साडेएकोणीस टन कर्ब. १२ भाग कर्बाचे ४४ भाग कर्बाम्लवायू होतात, म्हणून हे झाले सुमारे ७१ टन. एका हेक्टरात ७१ टन! टक्का पाच दशांशावरून चार दशांशावर आला, तर दर हेक्टरी सुमारे १४ टन हवेत गेले. हिशेब तिसरीतल्या मुलाला जमेल असा, पण त्यातला १.३ हा आकडा आपल्या काळ्या जमिनीत स्थिर राहत नाही. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडून आकसते. ज्येष्ठात घेतलेले माप आणि भाद्रपदात घेतलेले माप एकच येत नाही. शिवाय या मातीत चुनखडीच्या रूपानेही कर्ब असतो. त्याचे खाते निराळे. परदेशी पुस्तकातला सरासरी आकडा उचलून पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याला लावला, तर उत्तर सुबक येईल, खरे येणार नाही.

यावर इलाज आपल्याच गावात आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून एकाच जमिनीवर ज्वारी आणि गहू यांचा दीर्घ मुदतीचा खतप्रयोग चालला आहे. वर्षानुवर्षे तीच वाफे आणि त्याच नोंदी. रासायनिक खताबरोबर शेणखत मिळालेल्या वाफ्यांत सेंद्रिय कर्ब वाढला आणि उपाशी ठेवलेल्या वाफ्यांच्या कितीतरी पुढे राहिला. शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. पण त्याचा अनुभव हिशेबात धरायचा तर असा आकडा लागतो, आणि तो दोन-तीन वर्षांत निघत नाही. मातीतली पुंजी हळू साठते आणि भराभर उडते.

शेवटी प्रश्न उरतो तो वही कोणाच्या हाती, याचा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने उजाड टेकडी राखली, चराई आवरली, झाडे जगविली, सीताफळे मुंबईच्या बाजारात नेली. २०१४ साली त्याला भारतीय जैवविविधता पुरस्कार मिळाला. त्या टेकडीवर वाढलेला कर्ब देशाच्या बेरजेत जातोच. उपग्रहाला हिरवा ठिपका दिसतो. पण तो ठिपका कोणाच्या राखणीने हिरवा झाला हे उपग्रह सांगत नाही. कर्बाला आता बाजारात भाव येऊ लागला आहे. ज्याच्या नावावर नोंद त्याला मोबदला, हा वहीचा नियम आहे, आणि वऱ्हाडने हा नियम एकदा अनुभवला आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीकपाहणी सुरू झाली. पटवाऱ्याच्या लेखणीची ओळ आता शेतकरी स्वतः मोबाईलवर लिहू शकतो, आणि बांधावरची झाडे नोंदविण्याचीही तीत सोय आहे. पुष्कळजण ते काम कटकट समजून उरकतात. मला त्यांना एवढेच सांगायचे आहे: १८६१ साली साखळी घेऊन कारकून आला तेव्हा काय लिहायचे ते आपल्या पणजोबांना कोणी विचारले नाही. त्यामुळे कुरण ‘पडीत’ झाले, विसावलेले रान ‘नासधूस’ झाले, आणि मातीचा कस कोठेच लिहिला गेला नाही. आज जमिनीचे दुसरे खाते उघडले जात आहे. धुऱ्यावरची बाभूळ, ई-क्लासचे गवत आणि शेणखताची गाडी या खात्यात खरेपणाने उतरली पाहिजेत. शंभर वर्षांनी कोणी इतिहासकार ही वही उघडील तेव्हा त्याला वऱ्हाडची जमीन दिसावी, केवळ वसूल करणाऱ्याची गरज दिसू नये. तेवढे आपल्या हाती आहे.